पाट, तांब्या आणि विसण: टोकियोतल्या सेंतोला पहिल्यांदा जाताना

टोकियोला येणारा प्रत्येक मराठी पाहुणा मला दोन प्रश्न हमखास विचारतो. पहिला, व्हेज कुठे मिळेल. आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, ते सगळे एकत्र कपडे न घालता आंघोळ करतात ते खरंय का. खरंय. पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, पण आत कोणाच्याच अंगावर काही नसतं, चड्डी चालत नाही, स्विमिंग कॉस्च्युम चालत नाही, टॉवेल गुंडाळून पाण्यात उतरणंही चालत नाही. हे ऐकून निम्मे लोक तिथेच विषय बदलतात. उरलेल्यांसाठी हा लेख आहे.

मी टोकियोच्या ओता वॉर्डातल्या कामाता भागात राहतो, सहा वर्षं झाली, आणि आठवड्यातून दोनदा तरी सेंतोला, म्हणजे इथल्या सार्वजनिक न्हाणीघरात, जातो. माझं अनुभवाचं मत सांगतो, लाज हा प्रश्न फक्त पहिल्या दोन मिनिटांचा आहे, तिसऱ्या मिनिटाला तुम्हाला चष्मा नसल्यामुळे काही दिसत नसतं आणि चौथ्या मिनिटाला तुम्ही गरम पाण्याने हैराण झालेले असता. शिकायच्या गोष्टी दुसऱ्याच आहेत, कुठे बसायचं, कसं धुवायचं, पाणी किती गरम असतं. आणि गंमत म्हणजे ज्याने लहानपणी आजोळी मोरीत पाटावर बसून, बंबाचं पाणी घंगाळात घेऊन, तांब्याने आंघोळ केलीय त्याला यातलं अर्धं आधीच येतं. शॉवरवाल्या पिढीला जरा जड जातं.

आधी सेंतो आणि ओनसेन यातला घोळ

सेंतो म्हणजे गल्लीतली सार्वजनिक आंघोळीची जागा. 'सेन' म्हणजे नाणं आणि 'तो' म्हणजे गरम पाणी, थोडक्यात पैसे टाका आणि आंघोळ करा. पूर्वी टोकियोत बहुतेक घरांत न्हाणीघर नसायचंच त्यामुळे संध्याकाळी सगळी गल्ली तिथे जायची. १९६८ साली टोकियोत २,६८७ सेंतो होते, मग घरोघरी बाथरूम आले आणि आता साडेचारशेसुद्धा राहिले नाहीत.

ओनसेन म्हणजे जमिनीतून येणारं नैसर्गिक पाणी, आपलं वज्रेश्वरी किंवा तुरळ-राजवाडी म्हणा. पण इथे एक मेख आहे. १९४८च्या जपानी कायद्यानुसार पाणी जमिनीतून येताना २५ अंश किंवा जास्त गरम असेल तर ते ओनसेन, किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एक जरी पुरेशा प्रमाणात असेल तरी ते ओनसेनच, मग ते गार का असेना. त्यामुळे टोकियोच्या मधोमध, रेल्वेलाईनच्या शेजारी, लाँड्रीच्या मागे ओनसेन असू शकतं. आणि आहेत. ज्या गल्लीतल्या सेंतोने बोअर मारलंय आणि असं पाणी लागलंय तिथे तुम्हाला सेंतोच्या पैशात ओनसेन मिळतं, आणि माझ्या मते टोकियोत आलेल्या माणसाने हाकोने या ओनसेनच्या गावाला जायच्या आधी हे करावं, कारण हाकोनेला सगळे पाहुणे असतात आणि इथे तुम्ही एकटेच पाहुणे असता.

आमच्या ओता वॉर्डात तर काळं पाणी आहे. कुरोयु म्हणतात, कुरो म्हणजे काळा, यु म्हणजे गरम पाणी. फार पूर्वी गाडल्या गेलेल्या वनस्पती आणि समुद्री शेवाळ कुजून त्याचा अंश पाण्यात उतरलाय, म्हणून रंग कोऱ्या चहासारखा, कुठेकुठे तर थेट कोकाकोला. हात कोपरापर्यंत घातला की बोटं दिसत नाहीत. बोअरमधून येताना हे पाणी बहुतेक ठिकाणी गारच असतं, मग ते तापवतात. अंगाला थोडं बुळबुळीत लागतं, साबण नीट धुतला गेला नाही की काय असं वाटतं, पण ते पाण्यातल्या सोड्यामुळे. गंधकाचा वास वगैरे अजिबात नाही.

तिसरा प्रकार सुपर सेंतो, मोठमोठे मॉलसारखे, आत रेस्टॉरंट, मसाज, झोपायच्या खुर्च्या. ते हजार येनपासून पुढे कितीही. या लेखात ते नाहीत.

कुठे जायचं

पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी चार नावं सांगतो. कामाता ओनसेन, काळं पाणी, वरच्या मजल्यावर मोठा हॉल आहे जिथे आजीआजोबा बिअर घेऊन कराओके गात बसतात, तो प्रकार बघण्यासारखा आहे. काईसेई-यु, हेही कामातातच, काळं पाणी आणि भिंतीत माशांची टाकी, लहान मुलं खूश. मुसाशी-कोयामाचं शिमिझु-यु, तिथे एकाच ठिकाणी दोन पाणी, एक काळं आणि एक सोनेरी-तांबूस, मात्र शनिवार-रविवारी गर्दी विचारू नका. आणि ज्यांना मिनामी-आझाबूसारख्या श्रीमंत वस्तीत साध्या पैशात काळ्या पाण्यात बसायचंय त्यांनी ताके-नो-यु. हानेदा एअरपोर्ट ओता वॉर्डातच आहे, त्यामुळे रात्रीचं फ्लाईट असेल तर कामाताला आंघोळ करून जेवून एअरपोर्टला जाणं सहज जमतं, फक्त मोठी बॅग स्टेशनच्या कॉइन लॉकरला टाका, सेंतोत तिला जागा नसते.

ओनसेनचा हट्ट नसेल आणि जुनी इमारत बघायची असेल तर कोएंजीचं कोसुगी-यु. १९३३ सालचं आहे, देवळासारखं छप्पर, आत दुधाळ पाण्याची टाकी. टोकियोतले जुने सेंतो देवळासारखे का दिसतात असं सगळे विचारतात, तर १९२३च्या मोठ्या भूकंपानंतर शहर पुन्हा बांधताना ही पद्धत पडली, देवळं बांधणाऱ्या सुतारांचं कसब न्हाणीघराच्या छपराला लागलं. लोकांना पण बरं वाटलं असणार, सगळं जळून गेल्यावर निदान आंघोळीला तरी महालात जायचं.

वेळ बघून जा. बहुतेक सेंतो दुपारी तीन-साडेतीनला उघडतात आणि रात्री अकरा-बाराला बंद होतात, आठवड्यात एक दिवस सुट्टी आणि ती प्रत्येकाची वेगळी. सकाळी उघडणारे थोडे आहेत. पहिल्यांदा जाणार असाल तर उघडल्याउघडल्या जाऊ नका, तेव्हा दारात रोजचे आजोबा रांग लावून उभे असतात, त्यांच्या जागा ठरलेल्या, पाणी पण तेव्हा सगळ्यात कडक. मधल्या वारी संध्याकाळी पाच-सहाला जा, तेव्हा निवांत असतं.

पिशवीत काय

एक लहान टॉवेल, आपला पंचाच्या अर्ध्या आकाराचा. एक मोठा टॉवेल. साबण, शाम्पू (काही ठिकाणी असतो, बऱ्याच ठिकाणी नसतो). बदलायचे कपडे. ओलं टाकायला प्लास्टिकची पिशवी. शंभर येनची नाणी चार-पाच. काहीच नसेल तर काउंटरवर 'तेबुरा सेत्तो' म्हणा, म्हणजे मोकळ्या हाताने आलेल्यांचा सेट, भाड्याचा टॉवेल आणि साबण-शाम्पूच्या छोट्या पुड्या मिळतात, जागेप्रमाणे शे-दोनशे येन.

केसाला तेल लावून जाऊ नका. हे खास आपल्या लोकांसाठी. अंगाला तेल चोपडून तर नकोच, दिवाळीत मला उटण्याचा मोह झाला होता पण आवरलं, ते सगळं नळाशी धुतलं तरी थोडं पाण्यात उतरतंच आणि ते पाणी दुसऱ्यांचंही आहे.

जाण्याआधी तासभर जड जेवू नका आणि अगदी उपाशीही जाऊ नका. एक ग्लास पाणी पिऊन जा. दारू पिऊन नाही, ती नंतर. बीपी, हार्टचं काही असेल तर डॉक्टरांना विचारा, कारण पाणी खरंच गरम असतं. गरोदर बायकांनी ओनसेनला जाऊ नये असं पूर्वी जपानी सरकारच्या यादीत होतं, २०१४ मध्ये ते काढून टाकलं, तरी आपल्या डॉक्टरांशी बोललेलं बरं.

दारापासून नळापर्यंत

बाहेर कापडी पडदा असतो, नोरेन. त्यावर बहुतेकदा माशासारखं दिसणारं एकच अक्षर, ते 'यु'. पडदा लावलेला असेल तर उघडं आहे. आत शिरल्या शिरल्या चपला काढायच्या, पायरीच्या खालीच, वर पाय ठेवायच्या आधी. चपलांसाठी छोटे लाकडी कप्पे असतात, त्यांची किल्ली म्हणजे एक जाड लाकडाची पट्टी, ती उपसली की कप्पा बंद. बेसबॉलच्या चाहत्यांना आवडत्या खेळाडूचा नंबर हवा असतो, त्यामुळे काही नंबर कधीच रिकामे नसतात.

मग पैसे. टोकियोत ऑगस्ट २०२४ पासून मोठ्यांना ५५० येन, म्हणजे तीनशे-सव्वातीनशे रुपये. हा दर मालक ठरवत नाही, सरकार वरची मर्यादा घालून देतं. १९४६ साली, युद्धानंतरच्या महागाईत, तांदूळ-कपड्यांपासून सगळ्याचे भाव बांधायचा एक हुकूम निघाला होता, बाकी सगळं त्यातून केव्हाच सुटलं, आंघोळ तेवढी राहिली. त्यामुळे सोनेरी पाणी असो की साधं नळाचं, साध्या आंघोळीचे पैसे सारखेच. सॉनाचे वेगळे द्यावे लागतात.

काही ठिकाणी पैसे मशीनमध्ये टाकून तिकीट काढायचं असतं, काही ठिकाणी काउंटरवर द्यायचे. कॅश ठेवाच, आणि ती पण सुटी, जुनी मशीनं २०२४ला आलेल्या नव्या नोटा कधीकधी परत थुंकतात. अगदी जुन्या सेंतोत काउंटर नसतो, 'बानदाई' असतो, म्हणजे पुरुषांच्या आणि बायकांच्या बाजूच्या मधोमध उंच ओटा आणि त्यावर बसलेली आजी, जिला दोन्ही बाजूचं दिसतं. अशा ठिकाणी पहिल्यांदा गेलात तर जरा धक्का बसतो, पण आजी टीव्ही बघत असते, तिला तुमच्यात काडीचा रस नसतो.

आता नीट बघा. निळा पडदा पुरुषांचा, लाल बायकांचा, बहुतेकदा. रंगावर विसंबू नका, अक्षर पाठ करा. पुरुषांचं अक्षर म्हणजे वर चार खणांची खिडकी आणि तिच्याखाली पाय. बायकांच्या अक्षरात खिडकी नसते, तीनच रेघा एकमेकींवर तिरक्या. आणि काही सेंतो दोन्ही बाजू आलटून पालटून देतात, या आठवड्यात जी बाजू पुरुषांची ती पुढच्या आठवड्यात बायकांची, म्हणून 'मागच्या वेळी डावीकडे होतं' हे डोक्यातून काढा. दरवेळी वाचा.

आत कपडे बदलायची खोली. फोन इथेच बॅगेत टाका, लॉकरला, आणि बाहेर येईपर्यंत हात लावू नका. फोटो काढायचा विचारसुद्धा नको, रिकामी खोली दिसली तरी नको. कपडे काढून लॉकरला टाका, किल्लीचा रबर मनगटात किंवा घोट्यात अडकवा. चष्मा, अंगठ्या, चेन काढून ठेवा. लहान टॉवेल आणि साबण घेऊन आत. लहान टॉवेल पुढे धरून चालता येतं, बरेच जण तसंच करतात, म्हणजे अगदीच उघड्यावर नाही.

पाट

सरकतं काचेचं दार उघडलं की वाफ अंगावर येते. दार मागे लगेच लावा, नाहीतर गार वारा आत जातो आणि चार माना वळतात. दाराजवळ प्लास्टिकचे बुटके स्टूल आणि बादलीऐवजी छोटी घमेली, म्हणजे ओके, रचून ठेवलेली असतात. पिवळं ओके दिसलं तर तळ बघा, 'केरोरिन' लिहिलेलं असेल. ती एका डोकेदुखीच्या औषधाची जाहिरात आहे, १९६३ पासून ही ओकी देशभर वाटलीत. आधी पांढरी होती, मळ दिसायला लागला म्हणून पिवळी केली. ओसाकाकडची थोडी छोटी असतात कारण तिकडे लोक थेट टाकीतलं पाणी उपसून अंगावर घेतात आणि मोठं भरलं की जड होतं. टोकियोत तसं उपसत नाहीत, नळाचं घेतात.

एक स्टूल, एक ओकं घ्या आणि रिकाम्या नळासमोर बसा. नळावर कोणाचा साबण-टॉवेल ठेवलेला असेल तर ती जागा गेलेली, माणूस टाकीत बसलाय, परत येईल. बसायच्या आधी स्टूलवर पाणी ओता. हे आपल्याला सांगायला नको, पाट आधी धुवायचाच.

जुन्या सेंतोतले नळ म्हणजे एक मजा आहे. दोन दट्टे, लाल गरम, निळा गार, दाबून धरलं की पाणी, सोडलं की बंद. म्हणजे ओक्यात आधी गरम घ्यायचं, मग गार मिसळायचं, हाताने बघायचं आणि अंगावर ओतायचं. अहो हे तर आपलं विसणच! माझा मावसभाऊ पुण्याहून आला होता, त्याला मी काही शिकवायच्या आधीच तो गडी पाटावर बसल्यासारखा बसला आणि विसण घालायला लागला, शेजारचे आजोबा कौतुकाने बघत होते. लाल दट्टा दाबताना पाय बाजूला घ्या, कधीकधी चटका बसेल इतकं गरम येतं.

आता धुवायचं. आणि इथे लोक चुकतात. आपण घरी जशी रोज दोन मिनिटात उरकतो तशी नाही, सणाची आंघोळ करा. डोकं, कानामागे, पाठ, टाचा, सगळं. उभं राहून धुवायचं नाही, बसूनच, कारण उभं राहिलात की तुमचा फेस शेजाऱ्याच्या पाठीवर. मागे बघून पाणी ओता. शॉवर भिंतीला पक्का असेल तर त्याची दिशा तपासा, पहिल्या महिन्यात मी एका गृहस्थांना डोक्यापासून पायापर्यंत दुसऱ्यांदा भिजवलं होतं, ते सूट घालायच्या तयारीत नव्हते एवढंच नशीब. शेवटी अंगावर फेसाचा ठिपकासुद्धा राहता कामा नये, स्टूल आणि आजूबाजूची जमीनपण पाण्याने साफ. टाकीत जाण्याआधी सगळा मळ इथे टाकायचा, टाकी ही धुवायची जागाच नाही. तिच्यात आधी साठ माणसं बसून गेलीत आणि नंतर साठ बसणार आहेत.

लांब केस असतील तर आता वर बांधा, केसांची टोकंही पाण्याला लागता कामा नयेत.

टाकी

टोकियोत टाक्या बहुतेक मागच्या भिंतीला असतात आणि त्या भिंतीवर मोठ्ठा फुजी डोंगर रंगवलेला. ही पद्धत १९१२ची, टोकियोच्या कान्दा भागातल्या किकाई-यु नावाच्या सेंतोच्या मालकाने मुलांना आंघोळीची गोडी लागावी म्हणून एका चित्रकाराला बोलावलं, तो शिझुओकाचा होता आणि त्याने आपल्या गावचा डोंगर काढला. असे फुजी रंगवणारे आता हाताच्या बोटावर मोजण्याइतकेच उरलेत. माकड कधी काढत नाहीत, कारण जपानीत माकड आणि 'निघून जाणे' हे एकाच उच्चाराचे शब्द आहेत, गिऱ्हाईक जाईल ना. मावळता सूर्यही नाही.

पाणी ४२ ते ४४ अंश. हा आकडा कागदावर छोटा वाटतो. आपल्या कडक आंघोळीचं पाणी चाळीसच्या आसपास असतं आणि तेही तांब्या-तांब्याने, इथे तुम्ही त्यात गळ्यापर्यंत बसणार. म्हणून घाई नको. आधी टाकीशेजारी बसून ओक्याने अंगावर पाणी घ्या, पायांपासून सुरू करून वर, याला काकेयु म्हणतात. मग काठाला धरून एक पाय, दुसरा पाय, पायरीवर कंबरेइतकं बसा, अर्धा मिनिट थांबा आणि मग खांद्यापर्यंत. उडी मारायची नाही, पोहायचं नाही, डोकं बुडवायचं नाही. एकदा शिरलात की हलू नका, हललं की गरम जास्त लागतं, अगदी बंबातून काढलेल्या पाण्यात पाय ठेवल्यासारखं. स्थिर बसलं की अंगाभोवती पाण्याचा एक थर तयार होतो आणि चटका कमी होतो.

लहान टॉवेल पाण्यात नाही. घडी करून डोक्यावर ठेवा किंवा काठावर. मी पहिल्या दिवशी नकळत सोबत घेऊन बसलो होतो, शेजारच्या आजोबांनी काही न बोलता तो उचलला, पिळला, चार घड्या घातल्या आणि माझ्या डोक्यावर ठेवला. त्यानंतर परत चूक झाली नाही.

पहिला मुक्काम तीन मिनिटं, फार तर पाच. मग बाहेर येऊन काठावर किंवा स्टूलवर बसा, श्वास बसू द्या, परत जा. असं दोन-तीनदा. एकदम उठू नका, डोळ्यापुढे अंधारी येते, हे वयाचं नाही, पंचविशीतल्या पोरांनाही होतं. काठ धरून सावकाश. हृदय धडधडायला लागलं किंवा डोकं हलकं झालं तर बास, आजचा कोटा संपला. काळं पाणी असेल तर अजून एक, तळ दिसत नाही, पायरी दिसत नाही, पायानेच चाचपा.

आता विसणाचा दुसरा अंक. टाकीला कोपऱ्यात गार पाण्याचा नळ असतो. त्याने टाकीतलं पाणी सौम्य करणं, याला जपानीत 'उमेरु' म्हणतात. सोडावासा फार वाटतो. पण त्या टाकीत कोणीतरी असा असतो जो चाळीस वर्षं त्याच कडक पाण्यासाठी येतोय, आणि तुम्ही नळ सोडला की त्याच्या दृष्टीने तुम्ही त्याच्या चहात पाणी ओतलंय. टाकीत फारसं कोणी नसेल किंवा तुमच्याबरोबर लहान मूल असेल तर शेजाऱ्याकडे बघून "उमेते मो ई देस का" असं विचारा, 'विसण घालू का' एवढाच अर्थ. दहापैकी आठ जण हसून हो म्हणतात. मग थोडंच सोडा, स्वतःजवळच्या कोपऱ्यात, आणि बंद करायला विसरू नका. न विचारता सोडलात तर कोणी ओरडणार नाही, पण एक आजोबा उठतील, नळ बंद करतील आणि परत आपल्या जागी जाऊन बसतील, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटतं. टाकी फारच गरम वाटली तर दुसरी बघा, बहुतेक ठिकाणी दोन-तीन असतात आणि एक तरी सौम्य असते.

बाकीच्या टाक्या पटकन सांगतो. जेटवाली असेल तर कंबरेला छान. 'मिझुबुरो' म्हणजे गार पाणी, गरमानंतर तिथे अर्धा मिनिट, पण आधी घाम धुऊन मगच. 'देंकीबुरो' म्हणजे पाण्यात हलका करंट सोडलेली टाकी, हो, खरोखर करंट, दोन बाजूंना पत्रे असतात आणि त्यांच्यामध्ये बसलं की मांड्यांत मुंग्या येतात. मला ती कधीच आवडली नाही. पेसमेकर किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी त्या कोपऱ्याकडे फिरकू नये. सॉनाचे पैसे भरलेल्यांना वेगळा पट्टा किंवा टॉवेल मिळतो, तो नसेल तर त्या दारात शिरू नका.

५ मेच्या आसपास टाकीत शोबू नावाच्या लांब हिरव्या पात्या तरंगत असतात, आणि डिसेंबरात वर्षातल्या सगळ्यात छोट्या दिवशी युझु नावाची लिंबं. १० ऑक्टोबर हा सेंतोचा दिवस, कारण दहा-दहा म्हणजे १०१०, आणि त्याचा उच्चार ओढूनताणून सेंतो होतो. यातल्या एखाद्या दिवशी टोकियोत असाल तर चुकवू नका, युझुचा वास दोन दिवस अंगाला राहतो.

बायकांची बाजू, मुलं, टॅटू

हा भाग बायकोने सांगितलेला, मी फक्त टाईप करतोय. बायकांच्या बाजूला गप्पा जास्त असतात, एखादी आजी पाठ चोळून देऊ का असंही विचारते, नको असेल तर हसून मान हलवली की झालं. मंगळसूत्र काढायचं नसेल तर कोणी काही म्हणत नाही पण लांब असेल तर टाकीच्या काठाला अडकतं, तिचा सल्ला घरीच ठेवून या. पाळीच्या दिवसांत टाकीत उतरायचं नाही. ताजी मेंदी असेल तर दोन-चार दिवस थांबा, रंग उतरतो आणि लांबून ती टॅटूसारखी दिसते. ड्रायर नाण्यावर चालतो, वीस-तीस येनला तीन-एक मिनिटं, आपल्या केसांना पुरत नाही, जास्त नाणी ठेवा.

मुलं: २०२२ पासून टोकियोत सात वर्षं आणि पुढच्या मुलांना दुसऱ्या बाजूला नेता येत नाही, म्हणजे सात वर्षांचा मुलगा आईबरोबर बायकांच्या बाजूला जाणार नाही. लंगोट न सुटलेल्या बाळांना शक्यतो नेऊ नका.

टॅटू: हॉटेलांतल्या आणि मोठ्या ओनसेनमध्ये अडवतात, गल्लीतल्या सेंतोत सहसा अडवत नाहीत, पण सगळीकडे असं नाही, दारावरची पाटी बघा किंवा काउंटरवर आधीच विचारा.

नवराबायको बरोबर आलात तर बाहेर किती वाजता भेटायचं ते आधीच ठरवा. मधली भिंत छतापर्यंत जात नाही, त्यामुळे पूर्वी लोक "चल गं, निघतोय" असं भिंतीवरून ओरडून सांगायचे म्हणे. तुम्ही ओरडू नका. साडेसात म्हणजे साडेसात.

बाहेर पडताना

निघायच्या आधी ओकं-स्टूल धुऊन जिथून घेतलं तिथे ठेवा. मग लहान टॉवेल पिळून दाराच्या आत उभं राहून सगळं अंग पुसा. ओल्या अंगाने कपड्यांच्या खोलीत गेलात तर तिथली लाकडी जमीन भिजते आणि मागून येणाऱ्याचे मोजे भिजतात. सेंतोत कोणी खरोखर चिडलेलं मी पाहिलंय ते याच कारणाने. आंघोळीनंतर परत साध्या पाण्याने अंग धुवायचं की नाही यावर दोन मतं आहेत, काळ्या पाण्यानंतर मी धूत नाही, त्वचा मऊ राहते, पण ज्यांची त्वचा नाजूक त्यांनी धुवावी.

मग कपडे घालून बाहेरच्या बाकावर या. फ्रिजमध्ये काचेच्या बाटल्यांत दूध असतं, साधं, कॉफीचं, फळांचं. कॉफीचं घ्या. उभं राहून, एक हात कमरेवर ठेवून प्यायची पद्धत आहे, ती का आहे विचारू नका, करून बघा. दहा मिनिटं बसा, घाम जिरू द्या, फेब्रुवारीत ओल्या केसाने लगेच बाहेर पडलात तर दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी. जाताना काउंटरवरच्या आजी "ओयासुमीनासाई" म्हणतात, म्हणजे 'शुभ रात्री', मग संध्याकाळचे सहा वाजलेले असले तरी, आंघोळ झाली म्हणजे दिवस संपला असा हिशोब. तुम्हीही तेच म्हणा.

आणि चपला घालायच्या आधी मनगट बघा. लॉकरच्या किल्लीचा तो रबर अंगाला इतका सवयीचा होतो की लक्षातच येत नाही. मला तो ट्रेनमध्ये वरची कडी धरताना दिसला होता, पुढच्या स्टेशनला उतरून परत गेलो, आणि काउंटरवरच्या आजींनी किल्ली घेऊन शांतपणे खणातून एक पुठ्ठ्याचा डबा काढून दाखवला, त्यात अशाच परत आलेल्या किल्ल्या होत्या, माझी त्यांनी त्याच्यावर टाकली आणि परत टीव्ही बघायला लागल्या.